गरम गाडी बंद पडते: तिसरा कार्बोरेटर काढून पहिलाच परत बसवला, त्याची हकिकत

सकाळी थंड गाडी एका सेल्फला सुरू. मखमलाबादहून नाशिकच्या पंचवटीतल्या मार्केट यार्डापर्यंत काही तक्रार नाही. माल उतरवायला वीस मिनिटं गेली, परत सेल्फ मारला की नुसती घरघर. अर्धा-पाऊण तास तशीच सोडली की जणू काही झालंच नाही अशी चालू. घाट लागला की वेगळंच नाटक. दुसऱ्या गिअरला झटके, पाय दाबला तर दम तुटतो, सोडला तर बंद.

जुनी पेट्रोल गाडी बाळगणाऱ्यांना यावर मिस्त्री काय म्हणतो तेही पाठ असेल. इंजिनची पेटी उघडायच्या आत निकाल: "कार्बोरेटर गेला, नवा टाका." मी टाकला. दोन वर्षांत दोन टाकले, मूळचा धरून तीन झाले. तिसऱ्यानंतर गाडी पहिल्यापेक्षा जास्त बंद पडू लागली, तेव्हा कुठे माझं डोकं चालायला लागलं.

गाडी महिंद्राचा जुना एफसी ट्रक, बाबांच्या वेळचा. पुढून चपटा, इंजिन ड्रायव्हर आणि क्लीनरच्या मधल्या पेटीखाली. विलीज घराण्यातलं हरिकेन इंजिन, चार सिलिंडर, २१९९ सीसी, पेट्रोल. बहुतेकांनी पुढे या गाड्यांत डिझेल इंजिन घालून घेतलं. आमची फिरतेच किती, आठवड्यातून दोन फेऱ्या, म्हणून राहून गेलं. जीपवाल्यांचं इंजिन हेच, त्यामुळे खालचं बरंचसं त्यांनाही लागू आहे.

या इंजिनाची एक गोष्ट आधी समजून घेतली पाहिजे, नाहीतर सगळं निदान चुकतं. याचे इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये आहेत. इनलेट मॅनिफोल्ड, म्हणजे हवा-पेट्रोल सिलिंडरांपर्यंत नेणारी नळी, असा वेगळा भाग नाही, तो हेडमध्येच ओतलेला आहे. म्हणजे कार्बोरेटर थेट हेडच्या डोक्यावर बसतो. फायदा असा की मॅनिफोल्डचं पॅकिंग फुटून हवा ओढायचा प्रश्नच नाही. तोटा असा की हेड तापलं की कार्बोरेटर तव्यावर ठेवल्यासारखा. त्यात एफसीला बॉनेट नाही, पेटी आहे. गाडी उभी राहिली की गरम हवा आतच कोंडते.

बंद पडली की लगेच काय बघायचं

गाडी बंद पडलेली असतानाच बघायचं. गॅरेजपर्यंत ओढत नेईस्तोवर ती थंड होते आणि पुरावा जातो. एअर क्लीनर काढा आणि टॉर्च मारून कार्बोरेटरच्या घशात बघा. इंजिन बंद, विडी-सिगारेट लांब, शेजारी कोरड्या मातीची बादली. एफसीत हे सगळं आपण केबिनमध्ये बसून करतो, पेट्रोलची वाफ तिथेच भरते, म्हणून दोन्ही दारं उघडी.

आता अॅक्सिलरेटरची दांडी हाताने एकदाच झटक्याने ओढा. कार्बोरेटरमधल्या छोट्या पंपाच्या बारीक नळीतून पेट्रोलची पिचकारी उडाली तर चेंबरमध्ये, म्हणजे कार्बोरेटरच्या पेट्रोलच्या वाटीत, पेट्रोल आहे. काहीच उडालं नाही, तर चेंबर कोरडा आणि खोट मागे, पेट्रोल ओढणाऱ्या पंपाकडे किंवा टाकीकडे. तिसरी शक्यता अशी की दांडी न हलवताच मधल्या नोझलमधून थेंब पडताना दिसतात. तसं असेल तर गाडीला पेट्रोल जास्त होतंय, कमी नाही.

सोबत एक प्लग काढून ठिणगी बघून घ्या. निळी, कडकडीत हवी. पिवळट आणि मेलेली असेल तर डिस्ट्रिब्युटरचा कंडेन्सर बदला. कंडेन्सर गरम झाल्यावर दगा देतो आणि थंड झाल्यावर सोज्वळ होतो, हुबेहूब पेट्रोलच्या तक्रारीसारखा. कार्बोरेटरच्या नावावर जितकी बिलं फाटतात त्यातली निम्मी याची असावीत असा माझा अंदाज आहे.

माझ्याकडे काय सापडलं? मार्केट यार्डात बंद पडली तेव्हा नोझलमधून थेंब पडत होते. टप, थांबून टप. केबिनभर वास. मी मोजत बसलो, एका मिनिटात वीस-बावीस. आणि सप्तशृंग गडाच्या घाटात, नांदुरी सोडून दोन-तीन वळणं झाल्यावर बंद पडली तेव्हा दांडी ओढूनही पिचकारी नाही. चेंबर कोरडा ठणठणीत.

एक जागा ओली, एक कोरडी. गाडीला एकाच वेळी दोन आजार होते आणि दोन्ही गरम झाल्यावरच दिसत होते. म्हणून एक उपाय केला की अर्धी गाडी सुधारायची आणि आठवड्याने परत तेच.

ओला आजार

इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, हेडची सगळी धग वर चढते. चेंबरमधलं पेट्रोल उकळायला लागतं आणि नोझलमधून ओसंडून थेट इनलेटमध्ये पडतं. वीस मिनिटांनी आपण सेल्फ मारतो तेव्हा आत हवा कमी, पेट्रोल जास्त. त्यात आपण घाईघाईने अॅक्सिलरेटर दोन-चारदा पंप करतो, म्हणजे बुडत्याला अजून पाणी. पडताळा सोपा आहे. पंप करू नका. अॅक्सिलरेटर हळूच तळापर्यंत दाबून धरा आणि तसाच सेल्फ मारा. काळा धूर सोडत सुरू झाली तर हाच आजार.

आता हा माझ्या गाडीला पूर्वी का नव्हता? इतकी वर्षं ती याच हेडवर, याच उन्हात चालली की. उत्तर वडाळा नाक्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी दिलं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी कार्बोरेटरचे दोन नट सोडले, खालचं पॅकिंग दोन बोटांत धरून उजेडात धरलं.

"भाऊ, हे कोणी बसवलं?"

"नवा कार्बोरेटर टाकला तेव्हाचं आहे."

"हे पॅकिंग आहे का पोस्टकार्ड? जाडं काळं होतं ते कुठंय?"

ते जाडं काळं म्हणजे बेकेलाइटचं, बोटाच्या अर्ध्या पेराएवढं जाड पॅकिंग. हेडची धग कार्बोरेटरपर्यंत जाऊ नये एवढंच त्याचं काम. दुसरा कार्बोरेटर बसवताना त्याचा फ्लँज, म्हणजे बुडाची कड, जाड निघाला, स्टड पुरेना, म्हणून कारागिराने बेकेलाइट काढून कागदी पॅकिंग कापून लावलं होतं. म्हणजे मूळच्या आजारावर उपाय करताना नवा आजार आम्ही स्वतः बसवून घेतला होता. घरी येऊन माळ्यावर चढलो. बाबांनी जुना कार्बोरेटर फेकू दिला नव्हता. खताच्या गोणीत बांधलेला, आणि त्याच्या बुडाला ते बेकेलाइट अजून चिकटलेलं.

ते परत लावलं, स्टड लांब घातले, त्याच दिवशी यार्डातली घरघर गेली. लावण्याआधी एवढं बघा की बेकेलाइट वाकलेलं किंवा तडकलेलं नको. काचेच्या सपाट तुकड्यावर ठेवून बोटाने दाबायचं, डुगडुगलं तर बारीक पॉलिश पेपरवर घासून सपाट करायचं. दोन्ही बाजूंना पातळ कागदी पॅकिंग, आणि नट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. एकाच बाजूचा नट जोरात ओढला की फ्लँज वाकतो आणि मग तिथून हवा.

कोरडा आजार

हा एसी पंपाचा, म्हणजे टाकीतून पेट्रोल आणणाऱ्या पंपाचा. पंप ब्लॉकला बसलेला, मागच्या टाकीतून पेट्रोल ओढणारा. ओढतो म्हणजे त्याच्या आधीच्या पाइपात दाब कमी, आणि कमी दाबाला पेट्रोल आणखी लवकर उकळतं. चढावर गाडी हळू, वारा कमी, इंजिन लालबुंद. पंपात पेट्रोलऐवजी वाफ आली की त्यातला पडदा, डायफ्राम, नुसता वाफच दाबत बसतो. चेंबरमध्ये असलेलं पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालते, मग झटके, मग बंद.

पडताळ्याला एक ओलं फडकं पुरतं. नांदुरीच्या घाटात भाच्याने बाटलीतलं सगळं पाणी फडक्यावर ओतून पंपाला गुंडाळलं. पाच मिनिटांत गाडी चालू. जुने ड्रायव्हर हे कायमचंच करायचे, उन्हाळ्यात पंपाला गोणपाटाची पट्टी बांधून निघायचे. पडताळा म्हणून उत्तम, पण उपाय म्हणून मला ते पटत नाही.

आमचा पेट्रोल पाइप एका ठिकाणी सायलेन्सरच्या पाइपाला जवळजवळ टेकून गेलेला होता. मूळची क्लिप तुटलेली, कुणीतरी तारेने बांधून दिलेला. तो हातभर लांबून फिरवला. पंप आणि एक्झॉस्टच्या मध्ये पत्र्याचा तुकडा उभा केला, दोन्हीला न टेकवता. टाकीकडचे रबरी तुकडे बदलले. रबराला बारीक चीर असेल तर पेट्रोल गळत नाही, पण ओढताना हवा आत घेतं. ते डोळ्यांना दिसत नाही आणि माणूस महिनाभर कार्बोरेटर उघडत बसतो. पंप बदलणार असाल तर दाब मोजून घ्या. हरिकेनला चौरस इंचाला अडीच ते पावणेचार पौंड पुरतो. इलेक्ट्रिक पंप लावायचाच असेल तर कमी दाबाचा बघा. इंजेक्शनच्या गाडीचा पंप लावला तर चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी कार्बोरेटरची नीडल त्यापुढे टिकायची नाही.

आणि मग इथेनॉल. पंपांवर पेट्रोलात दहा टक्के इथेनॉल देशभर २०२२ पर्यंत आलं, २०२३ पासून वीस टक्क्यांचं यायला लागलं. आमच्या जिल्ह्यात ऊस आहे, कारखाने आहेत, त्यामुळे त्याला नावं ठेवली तर घरातच भांडण होईल. पण जुन्या गाडीच्या बाजूने तीन गोष्टी सांगतो. पेट्रोलात असं इथेनॉल मिसळलं की वाफेची तक्रार वाढते. जुना रबरी डायफ्राम, जुने पाइप आणि बुचाची पॅकिंगं त्याने फुगतात किंवा कडक होतात. तिसरी गोष्ट मिश्रणाची, ती खाली जेटच्या ठिकाणी येते.

पावसाळ्यात गाडी उभी राहत असेल तर टाकीच्या बुडाचंही बघा. इथेनॉल पाणी धरतं, आणि पाणी जास्त झालं की दोघं मिळून पेट्रोलखाली वेगळे बसतात. आपल्या पंपावरच्या पेट्रोलात किती इथेनॉल आहे ते घरी कळतं. खुणा केलेल्या काचेच्या नळीत दहा मिली पाणी घ्या, वर शंभराच्या खुणेपर्यंत पेट्रोल, बूच लावून हलवा आणि दहा मिनिटं ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर दहाचा अठ्ठावीसच्या आसपास गेला तर ते वीस टक्केवालं.

कार्बोरेटर कोणता घ्यावा, का घेऊच नये

माझा पहिला कार्बोरेटर सोलेक्स कंपनीचा, सिंगल बॅरल म्हणजे एकाच घशाचा, ३२ मिलिमीटरचा. त्याची खरी तक्रार एवढीच होती की आयडल, म्हणजे पाय न दाबता इंजिनची चाल, एका जागी राहत नव्हतं आणि पिकअपला क्षणभर अडायचा. दुसरा आणला तो दिसायला तसाच, पण नकली. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या मेन जेटवर आकडा एक आणि भोक दुसरंच. तिसरा दोन बॅरलचा, दुसऱ्या गाडीतून काढलेला. "पॉवर वाढेल" हे ऐकून घेतला. मोह झाला, दुसरं काय.

साधा हिशेब तेव्हा केला असता तर पैसे वाचले असते. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या मापाइतकी हवा ओढतं. २.२ लिटर, चार हजार फेऱ्या, म्हणजे मिनिटाला सुमारे ४४०० लिटर, आणि प्रत्यक्षात सिलिंडर भरतात पाऊण ते ऐंशी टक्के. ३३०० ते ३५०० लिटर. माझी गाडी माल घेऊन २८०० च्या वर कधी जात नाही, तिथे हाच आकडा २४०० वर येतो. ३२ चा सिंगल बॅरल यासाठी भरपूर झाला. घसा मोठा केला की कमी फेऱ्यांना हवेचा वेग पडतो, वेग पडला की नोझलमधून पेट्रोल ओढायला जोर राहत नाही, आणि गाडी जिथे ओढायला हवी तिथेच अडते. आपली भाजीपाल्याची गाडी, तिला शर्यत लावायची नाही.

जुनाच सोलेक्स बाजारातून घेणार असाल तर खिशात टॉर्च आणि स्टीलची पट्टी ठेवा. पट्टी फ्लँजवर आडवी ठेवून उजेड दिसतो का बघा. फ्लोट, म्हणजे चेंबरमधला तरंगता डबा, कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडणारा. जेटचे आटे झिजलेले नकोत. गडासारख्या चढावर जाणार असाल तर फ्लोट चेंबर गाडीच्या पुढच्या बाजूला येईल असा बसतोय का पाहा, कारण चढावर पेट्रोल मागे सरकतं, आणि चेंबर मागे असेल तर नोझलकडे पातळी कमी पडते.

आणि सर्वात आधी थ्रॉटलची, म्हणजे हवेच्या झडपेची, दांडी दोन बोटांत धरून वर-खाली हलवा. खटखट जाणवली तर तिथून हवा जातेय. माझ्या पहिल्याचा सगळा रोग एवढाच होता. बसवलेल्या गाडीवर हे तपासायला बरेच जण कार्बोरेटर क्लीनरचा स्प्रे मारतात. या इंजिनाला तो चुकूनही नको, बरोबर खाली तापलेला एक्झॉस्ट आहे. ऑइलच्या डबीने दांडीच्या टोकाला जाड इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडा. क्षणभर भेग बुजते, आणि आयडल लगेच बदललं तर चोर सापडला. अंबडला एका लेथवाल्याने पितळी बुश घालून रीमर फिरवून दिला. तासाभराचं काम. तेवढ्यासाठी मी दोन कार्बोरेटर विकत घेतले होते.

बसवल्यावर ट्यूनिंग

क्रम मोडू नका. आधी टॅपेट, मग पॉइंट, मग टायमिंग आणि मग स्क्रूला हात. हरिकेनला थंड इंजिनवर टॅपेटचं अंतर इनलेट ०.०१८ इंच, एक्झॉस्ट ०.०१६. पॉइंटचं अंतर अर्धा मिलिमीटर, प्लगचं पाऊण, ठिणगीचं टायमिंग पिस्टन वर पोचायच्या पाच अंश आधी. हे जागेवर नसताना स्क्रू फिरवत बसलात तर तुम्ही कार्बोरेटरकडून दुसऱ्याची चूक झाकून घेताय.

पेट्रोलची पातळी सोलेक्समध्ये नीडलच्या सीटखालच्या वॉशरने जुळवतात. जाड वॉशर घातला तर पातळी खाली, पातळ घातला तर वर. फ्लोटची पट्टी वाकवायची घाई नको. गरम झाल्यावर ओसंडायची तक्रार असेल तर वॉशरची एक पायरी जाड करून बघायला हरकत नाही.

माझ्या कार्बोरेटरला चोकची फडकी नाही, बाजूला फिरणारी चकती आहे. तिची केबल परत पूर्ण बसत नसेल तर गाडी दिवसभर चोकवरच चालते. प्लग काजळतात, पेट्रोल पाण्यासारखं जातं, आणि माणूस जेट बदलत बसतो. केबलचं टोक चकतीपाशी सोडून हाताने ढकला, अजून एक केस सरकली तर केबल लांब करा.

आयडल गरम इंजिनवरच लावायचं. मिश्रणाचा स्क्रू हलकेच टेकवून दीड फेरा बाहेर, तिथून सुरुवात. थ्रॉटलच्या स्क्रूने सहाशेच्या आसपास आणा. व्हॅक्यूम गेज असेल तर मिश्रणाचा स्क्रू काटा सर्वात वर जाईल तिथे आणि मग किंचित आत. पुस्तकात पाऱ्याचे १७ ते २१ इंच लिहिलेलं असतं, ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना एक इंच कमी होतो आणि नाशिक जवळपास १९०० फुटांवर आहे, म्हणून आपल्याकडे १५ ते १९ आलं तरी घाबरू नका. मी १६ बघून व्हॉल्व्ह घासायला काढणार होतो, चाचांनी थांबवलं. काटा स्थिर आहे ना, हे जास्त महत्त्वाचं. गेज नसेल तर कान. सायलेन्सरजवळ उभं राहून एकसारखा ठेका ऐकू येईपर्यंत पाव-पाव फेरा.

आता मेन जेट. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. १२५ म्हणजे सव्वा मिलिमीटर. शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा लागते, वीस टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. जेट तोच ठेवला तर मिश्रण आठ-नऊ टक्के हलकं पडतं. गाडी तापते, पिकअपला अडते. १२५ चा १३० केला की भोकाचं क्षेत्रफळ आठ टक्क्यांनी वाढतं. म्हणून मी एकच पायरी चढलो. नाशिकची हवा मुंबईपेक्षा थोडी विरळ असल्याने मिश्रण आपोआपच किंचित दाट होतं, तेव्हा दोन पायऱ्या चढायची गरज मला दिसली नाही. जेट तारेने किंवा सुईने साफ करू नका, हवेनेच. पितळ मऊ असतं, १२५ चा १३२ कधी झाला ते कळणारही नाही.

जेट बरोबर आहे का ते नांदुरीच्या चढावर बघितलं. दुसऱ्या गिअरला ओढत असतानाच इग्निशन बंद केलं, क्लच दाबला, कडेला घेतली आणि प्लग काढले. चारही बदामी, तिसरा थोडा फिका. या पेट्रोलवर प्लग थोडे फिके दिसतातच, तेवढ्यावर जेट वाढवू नका.

गेला उन्हाळा याच पहिल्या कार्बोरेटरवर काढला. यार्डात एकदाही घरघर नाही, घाटात फडकं बाहेर काढावं लागलं नाही. राहिलं आहे ते थंडीचं. डिसेंबरात निफाडकडे पहाटे माल भरायला गेलं की पहिली पाच मिनिटं चकती अर्धी ओढून ठेवावी लागते, आत ढकलली की फुरफुरून बंद. मेन जेट वाढवला तसा आयडलचा पायलट जेट वाढवला नव्हता, तो अजून जुनाच ५० चा आहे. ५५ चा आणून ठेवलाय. थंडी पडली की टाकून बघतो.